विजेची आकृती : काढण्याची आणि वाचण्याची विद्या



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठावर बोलावयास येणारा माणूस बहुधा साहित्यिक असतो, इतिहासाचा अभ्यासक असतो, नाहीतर राजकारणात मुरलेला असतो. मी यांपैकी कोणीही नाही. मी ड्राफ्ट्समन. माझा सारा जन्म कागदावर वाकून रेघा ओढण्यात गेला, आणि त्याही चित्रकाराच्या रेघा नव्हेत, विजेच्या आकृत्यांच्या. कारखान्यातील यंत्राला वीज कशी यावी, कोणते बटण दाबले असता काय व्हावे, काय बिघडले असता यंत्राने आपण होऊन थांबावे, हे ज्या कागदावर काढलेले असते तो कागद तयार करणे हा माझा धंदा.

मी हा विषय सुचवला तेव्हा चालकांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "लोकांना यात गोडी वाटेल का?" प्रश्न रास्त होता. पण मला वाटते, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी रात्री-बेरात्री कधी ना कधी वायरमन आलेला आहे. तो मीटरच्या पाटीसमोर बॅटरी घेऊन उभा राहतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "यातली कोणती तार कुठे जाते?" आणि आपण घरची सारी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. त्या क्षणी त्या माणसाचा हात एका अशा कागदावर विसंबून असतो, जो कोणी काढलेलाच नाही. आजचा माझा विषय एवढाच आहे. तो कागद कसा काढावा, कसा वाचावा, आणि तो खरा ठेवणे हे का अगत्याचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विजेची आकृती म्हणजे तारांचे चित्र, असे पुष्कळांना वाटते. ते तसे नाही. आपल्या एस. टी. स्थानकावर गाड्यांचे वेळापत्रक रंगवलेले असते. त्यात गावांची नावे एकाखाली एक असतात. मधला घाट किती वळणांचा, नदी कुठे आडवी येते, रस्ता उत्तरेस जातो की ईशान्येस, हे त्या पाटीवर नसते. आणि नसते म्हणून कोणाचे अडतही नाही. प्रवाशाला हवे असते ते इतकेच की, आधी कोणते गाव, नंतर कोणते, आणि गाडी कोठे बदलावयाची.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सिग्नल-कचेरीत हॅरी बेक नावाचा ड्राफ्ट्समन होता. विजेच्या आकृत्या काढणे हे त्याचे रोजचे काम. त्या रेल्वेचा नकाशा त्या काळी भूगोलाला धरून काढलेला असे. म्हणजे मध्यभागी स्टेशनांची दाटी आणि कडेला लांबच लांब रेघा. १९३१ साली बेकने एक निराळाच नकाशा काढला. रेघा आडव्या, उभ्या, नाहीतर ४५ अंशांत तिरप्या. स्टेशनांमधली अंतरे खऱ्या अंतरांशी न जुळणारी, पण डोळ्यांना सोयीची. जमिनीवरचे सगळे काढून टाकले, फक्त थेम्स नदी तेवढी ठेवली. वरिष्ठांना प्रथम हा प्रकार फारच धाडसाचा वाटला. परंतु १९३३ साली तो नकाशा छापला गेला आणि लोकांनी तो उचलून धरला. त्यानंतर जगातील कितीतरी शहरांनी आपापल्या रेल्वेचे नकाशे त्याच धर्तीवर काढले. आपण आगगाडीच्या डब्यात दाराच्या वर जो स्टेशनांचा पट्टा पाहतो, त्यात हीच युक्ती आहे.

युक्ती अशी की, वस्तू जागेवर कोठे आहे हे सोडून द्यावयाचे आणि तिचा कोणाशी संबंध आहे तेवढेच दाखवावयाचे. खोलीत दिवा छताला असतो, बटण दाराजवळ असते, फ्यूज ओसरीवर असतो. आकृतीत हे तिघे एका सरळ रेघेवर शेजारी-शेजारी बसतात.

यात लाभ काय? एक उदाहरण देतो. दोन खोल्या आहेत. दोन्हींत एकेक दिवा व एकेक बटण. दोन्हीकडे बटण दाबले की दिवा लागतो, पुन्हा दाबले की विझतो. पाहणाऱ्याला काडीचा फरक दिसणार नाही. परंतु एका खोलीत वायरमनने बटण फेजच्या तारेत घातले आहे, आणि दुसरीत, चुकून म्हणा, न्यूट्रलच्या तारेत. दुसऱ्या खोलीत दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज राहते. बटण बंद आहे म्हणून निर्धास्तपणे स्टुलावर चढून दिवा बदलणाऱ्याला तो होल्डर धक्का देईल. डोळ्यांना न दिसणारा हा भेद आकृतीत लहान मुलालाही दिसतो. एकीत बटण दिव्याच्या अलीकडे आहे, दुसरीत पलीकडे. आकृतीचे महत्त्व मला पटवावयास कोणी सांगितले तर मी एवढे एकच उदाहरण देईन.

आता ही विद्या शिकतात कशी, ते माझ्याच अनुभवावरून सांगतो. मी कामाला लागलो तेव्हा संगणक नव्हते. मोठा तिरपा फळा, त्यावर ट्रेसिंगचा कागद, काळ्या शाईचे पेन, आणि चूक खरडून काढावयास दाढीचे पाते. त्यावरून निघणाऱ्या अमोनिया प्रिंटचा वास नाकात बसला की संध्याकाळपर्यंत जात नसे. आमचे हेडड्राफ्ट्समन वयस्क होते, मितभाषी होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला मोटारीच्या स्टार्टरची एक उघडी पेटी दाखवली आणि म्हणाले, "ही काढ."

मी तीन दिवस खपून काढली. पेटी जशीच्या तशी. वर कॉन्टॅक्टर, खाली ओव्हरलोड रिले, झाकणावर हिरवे आणि लाल बटण, प्रत्येक तार जशी वळली तशी वळवलेली. रेखनाच्या परीक्षेत मला चांगले गुण होते, त्याचा थोडा अभिमानही होता. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, "वीज कुठून शिरली?" मी बोट ठेवले. "आता पुढे चल." मी बोट पुढे नेऊ लागलो. तीन तारा ओलांडून, एका कॉन्टॅक्टरला वळसा घालून, पुन्हा वर, पुन्हा खाली; आणि चौथ्या वळणावर बोट चुकले. ते म्हणाले, "काढणाऱ्याचेच बोट चुकते, तर रात्री दोन वाजता मेणबत्तीच्या उजेडात वाचणाऱ्याचे काय होईल?"

श्रोतेहो, हा प्रश्न मला जन्मभर पुरला.

ही स्टार्टरची पेटी आपण साऱ्यांनी पाहिलेली आहे. पिठाच्या गिरणीत दळण टाकावयास गेलात की भिंतीवर ती असते. गिरणीवाला हिरवे बटण क्षणभर दाबतो, खट्‌ असा आवाज होतो, पट्टा फिरू लागतो. तो बोट काढून घेतो तरी मोटार चालूच राहते. लाल बटण दाबले की थांबते. आता यात एक कोडे आहे. हिरवे बटण दाराच्या घंटीसारखे आहे. दाबले असेतोच जोडलेले, सोडले की तुटलेले. मग बोट काढल्यावर मोटार चालते कशी?

याचे उत्तर आकृतीत असे मांडतात. कागदावर दोन उभ्या रेघा ओढा. डावीकडून वीज येते, उजवीकडून परत जाते. या दोहोंना जोडणारी एक आडवी रेघ काढा, शिडीच्या पायरीसारखी. या पायरीवर डावीकडून क्रमाने चार वस्तू बसवा. पहिला ओव्हरलोडचा संपर्क, जो एरवी जोडलेला असतो. दुसरे लाल बटण, तेही एरवी जोडलेले. तिसरे हिरवे बटण, एरवी तुटलेले. चौथी कॉन्टॅक्टरची कॉईल, म्हणजे तारेचे वेटोळे; त्यात वीज शिरली की लोहचुंबक तयार होतो आणि मोटारीकडे जाणारे तिन्ही फेज जोडतो. हिरवे बटण दाबले की पायरी पुरी होते, कॉईल ओढते, मोटार सुरू होते. आणि त्याच ओढण्याबरोबर कॉन्टॅक्टरच्या अंगावरचा एक चिमुकला संपर्कही जोडला जातो. तो हिरव्या बटणाला समांतर बसवलेला असतो. बोट निघाले तरी वीज आता त्या बाजूच्या वाटेने कॉईलपर्यंत पोहोचते. कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो.

दुसऱ्या खेपेस मी आकृती अशीच शिडीवर काढली आणि मोठ्या विश्वासाने नेऊन दाखवली. हेडड्राफ्ट्समन म्हणाले, "दाब हिरवे." मी बोटाने वीज चालवली, मोटार सुरू झाली. "काढ बोट." बाजूची वाट जोडलेली होती, मोटार चालू राहिली. "आता लाल दाब." मी लाल बटणावर बोट ठेवले आणि माझा चेहरा उतरला. बाजूच्या वाटेचे एक टोक मी हिरव्या बटणाच्या अलीकडे जोडावयाच्या ऐवजी लाल बटणाच्याही अलीकडे जोडले होते. वीज दोन्ही बटणांना वळसा घालून जात होती. कागदावर फरक होता बोटभर जागेचा. पण त्या आकृतीप्रमाणे पेटी बांधली असती, तर मोटार सुरू झाली असती आणि लाल बटणाने थांबली नसती. पट्ट्यात कोणाचे धोतर अडकले असते, कोणी धावत जाऊन लाल बटण दाबले असते, आणि काहीही झाले नसते.

याच चिमुकल्या संपर्काचे दुसरेही एक पुण्य आहे. समजा, दळण चालू असता वीज गेली. कॉईलचा चुंबक सुटला, धरून ठेवणारा संपर्कही सुटला. गिरणीवाल्याने तेवढ्यात पट्टा नीट बसवावयास हात घातला आणि वीज आली. मोटार सुरू होणार नाही. कोणीतरी पुन्हा हिरवे बटण दाबले पाहिजे. साध्या खटक्याने चालणारी मोटार मात्र त्याच क्षणी फिरू लागली असती. आपल्या शेतकऱ्यांना रात्रीच्या वेळी वीज मिळते म्हणून विहिरीवरच्या पंपाला ते ऑटोस्विच बसवतात, आणि वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण तो ऑटोस्विच नेमकी कोणती राखण काढून घेतो, हे ही पायरी एकदा कागदावर पाहिली म्हणजे कळते. विहिरीत उतरलेल्या माणसाला तर ते कळलेच पाहिजे.

आता या पायरीकडे आणखी एका दृष्टीने पाहू. तिला चक्क मराठी वाक्य करता येते. "ओव्हरलोड उडालेला नसेल, आणि लाल बटण दाबलेले नसेल, आणि हिरवे बटण दाबलेले असेल किंवा कॉन्टॅक्टर आधीच ओढलेला असेल, तर कॉन्टॅक्टरने ओढावे." एकापुढे एक बसवलेला प्रत्येक संपर्क म्हणजे 'आणि'. समांतर बसवलेला प्रत्येक संपर्क म्हणजे 'किंवा'. आणि एरवी जोडलेला, पण काही घडले की तुटणारा संपर्क म्हणजे 'नाही'. मघाशी मी केलेली चूक ही 'किंवा' कोठून सुरू व्हावा याची चूक होती. वाक्यात स्वल्पविराम भलत्या जागी पडावा तशी.

ही केवळ माझी कल्पना नव्हे. जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ साली विचारांचे नियम बीजगणितात मांडले होते. क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, रिलेंच्या आकृतीला बूलचे बीजगणित तंतोतंत लागू पडते. मग आकृती कागदावर सोपी करता येते, चार संपर्कांचे काम दोघांत भागते का हे गणिताने ठरवता येते. आजच्या संगणकाच्या पोटात जे 'आणि', 'किंवा', 'नाही' चालते, त्याची एक वाट या रिलेंच्या आकृत्यांवरून गेलेली आहे.

'नाही' या शब्दाचे मोल किती, ते मोठ्या मोटारीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये दिसते. ही मोटार प्रथम स्टार जोडणीवर हळू उचलावयाची आणि वेग आल्यावर डेल्टा जोडणीवर न्यावयाची असते. दोन्हींना स्वतंत्र कॉन्टॅक्टर असतात. दोघे एकाच वेळी ओढले गेले तर तिन्ही फेज एकमेकांवर आदळतात आणि पेटीत स्फोट होतो. म्हणून स्टारच्या पायरीवर डेल्टाचा 'नाही' बसवतात आणि डेल्टाच्या पायरीवर स्टारचा 'नाही'. "तू आत असताना मी येणार नाही," असे दोघांनीही एकमेकांना दिलेले वचन. नवशिका एक 'नाही' काढतो आणि दुसरा विसरतो. वचन दोन्ही बाजूंनी हवे.

आता काही संकेत सांगतो, ज्यांच्यावाचून आकृती वाचताच येत नाही. पहिला संकेत असा की, सारे यंत्र स्वस्थ बसलेले आहे, वीज नाही, कोणी बटणाला हात लावलेला नाही, अशा स्थितीत आकृती काढावयाची. दुसरा असा की, एकच वस्तू आकृतीत अनेक ठिकाणी असू शकते. ओव्हरलोडचा तापणारा भाग मोटारीच्या तारांत असतो आणि त्याचा संपर्क कॉईलच्या पायरीवर. कदाचित निराळ्या पानावरही. दोघांना एकच नाव द्यावयाचे आणि पत्ता लिहावयाचा, पान ४, रकाना ६. गीतेचा अध्याय आणि श्लोक सांगावा तसे हे आहे. तिसरा संकेत तारांच्या क्रमांकांचा. सरळ जोडलेल्या साऱ्या तारांना एकच क्रमांक. मध्ये बटण, संपर्क वा कॉईल आली की पलीकडे नवा क्रमांक. हेच क्रमांक छोट्या कड्यांवर छापून पेटीतील तारांच्या टोकांना घालतात. कागद आणि पेटी यांची ओळख पटते ती या क्रमांकांनी.

चिन्हांचेही तसेच. रोध म्हणजे शाळेच्या पुस्तकातली नागमोडी रेघ, की लांबट चौकोन? दोन्ही चालतात, पण एका आकृतीत एकच चालते. अमेरिकन पद्धतीत तुटलेला संपर्क दोन समांतर रेघांनी काढतात. परक्या माणसाला तो कपॅसिटर वाटावयाचा. असे घोटाळे होऊ नयेत म्हणून १९०६ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग स्थापन झाला. लॉर्ड केल्व्हिन त्याचे पहिले अध्यक्ष होते. आपल्याकडे १९४७ साली भारतीय मानक संस्था निघाली. तिची जागा १९८७ साली भारतीय मानक ब्यूरोने घेतली. विजेच्या चिन्हांची आपली मानके आय. एस. २०३२ या क्रमांकाखाली भागाभागाने निघाली. पाठांतर करावे असे हे वाङ्‌मय नव्हे, पण ज्या कोणाला हा धंदा करावयाचा आहे त्याने ते हाताशी ठेवावे आणि स्वतःची चिन्हे शोधून काढण्याचा मोह टाळावा.

येथे एका मराठी माणसाची आठवण होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हावयास गेले होते. त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे तेथे लक्षात आले. चित्रकला सुटली. त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास केला, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले, आणि १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. आमच्या विद्येत रंगाचा भरवसा धरीत नाहीत, याचे मला म्हणूनच कौतुक वाटते. तारा लाल, पिवळ्या, निळ्या असतात. पण त्यावर धूळ बसते, उन्हाने रंग उडतो. काळ्या रेघेवर लिहिलेला क्रमांक तेवढा टिकतो.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगताना मला आजही बरे वाटत नाही. परंतु ती न सांगता हे व्याख्यान दिले, तर ते अर्धे दिल्यासारखे होईल.

मी धंद्यात मुरलो होतो. एका कारखान्याच्या पंपघरातील पेटीची आकृती मी काढलेली होती. पुढे जागेवर एक बदल झाला. पाण्याच्या टाकीची पातळी दाखवण्यासाठी शेजारच्या पेटीतून एक तार या पेटीत आणली गेली. जागेवरच्या इंजिनिअरांनी आपले काम चोख केले. प्रिंटवर लाल पेन्सिलीने ती तार काढून माझ्याकडे पाठवली. मूळ ट्रेसिंगवर ती चढवून नवी प्रिंट पेटीच्या झाकणात ठेवणे हे माझे काम होते. अर्ध्या तासाचे काम. मी दुसऱ्या घाईत होतो. प्रिंट टेबलाच्या खणात ठेवली आणि विसरलो.

काही महिन्यांनी आमचे एक वायरमन, ज्यांना सारे मामा म्हणत, त्या पेटीच्या दुरुस्तीस गेले. त्यांनी झाकणातला माझा कागद काढला, नीट वाचला, कागदात दाखवलेला मुख्य खटका बंद केला आणि पेच आवळावयास हात घातला. शेजारच्या पेटीतून आलेली तार जिवंत होती. मामा स्टुलावरून फेकले गेले. जीव वाचला, पण तळवा भाजला आणि मनगट मोडले.

चौकशीत लिहिले गेले की, त्यांनी आधी टेस्टर लावून पाहिला नाही. ते खरेच होते. कोणताही कागद काहीही म्हणो, हात घालण्यापूर्वी प्रत्येक टोक तपासले पाहिजे. हा नियम मोडू नये. पण माझ्या खणात काय पडले आहे, हे मला माहीत होते. मी ती लाल पेन्सिलीची प्रिंट हेडड्राफ्ट्समनांच्या टेबलावर नेऊन ठेवली. नंतर इस्पितळात गेलो. म्हटले, "मामा, चूक माझी आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "साहेब, कागदात ती तार नव्हती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी माझ्या कागदावर विश्वास टाकला होता, एवढेच त्यांना सांगावयाचे होते.

त्या दिवसानंतर लाल खुणेचा कागद माझ्याकडे रात्रभर कधी राहिला नाही. बाहेरून येणारी तार असेल तर आकृतीत ठळक चौकट काढून, "मुख्य खटका बंद केला तरी ही तार जिवंत राहते," असे शब्दांत लिहू लागलो. यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा तारांना नारिंगी रंग सुचवलेला आहे, तोही वापरावा. पण शब्द लिहावेतच.

अलीकडे सारे काम संगणकावर होते. १९८२ साली ऑटोकॅड निघाले, पुढे खास विजेच्या आकृत्यांसाठी निराळे कार्यक्रम आले. तारांचे क्रमांक संगणक आपोआप घालतो, पान-रकान्याचे पत्ते स्वतः लिहितो, एकाच संपर्काचा दोनदा वापर केला तर कान पकडतो. दाढीचे पाते गेले, याचे मला मुळीच दुःख नाही. परंतु माझ्याकडे शिकावयास येणारी मुले प्रथम आज्ञा शिकतात आणि आकृती नंतर. मी त्यांना उलट्या क्रमाने चालवतो. पहिला महिना संगणकाला हात नाही. जुन्या दहा आकृत्या घ्यावयाच्या आणि बोटाने वीज चालवावयाची. हे बटण दाबले तर काय, वीज गेली तर काय, ही तार तुटली तर काय. मग एक खरी पेटी, वीज तोडून व तपासून घेऊन, उघडावयाची आणि तिच्यावरून आकृती काढावयाची. मग ती आकृती दुसऱ्या मुलाच्या हाती द्यावयाची आणि स्वतः तोंड मिटून बसावयाचे. त्याचे बोट जेथे अडेल तेथे आकृती चुकली. संगणक सगळे सांगेल. पंपघरात काल कोणी एक तार वाढवली, हे त्याला कोणीतरी सांगितल्यावाचून कळणार नाही.

शेवटी आपणां सर्वांना एक विनंती करतो. येत्या रविवारी दिवसाउजेडी आपल्या घरच्या पाटीसमोर उभे राहा. झाकणाच्या आत हात घालू नका; बाहेरचे खटके तेवढे एकेक करून बंद करा. प्रत्येक वेळी कोणत्या खोलीतले दिवे, पंखे, कोणती सॉकेटे बंद पडली, हे मुलाला ओरडून सांगावयास लावा. ते एका कागदावर मांडा. मुख्य खटका वर, त्याखाली एकेका खटक्याची रेघ, आणि रेघेच्या टोकाला खोलीचे नाव. खाली तारीख घाला आणि कागद पाटीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवा. जिन्यात दोन बटणांचा एक दिवा असेल तर त्याची आकृती मुलांना काढावयास द्या; 'दोन्ही वर किंवा दोन्ही खाली' हे वाक्य त्यांना सापडते का पाहा. आणि पुढे वायरमनने काही बदलले तर त्याला चहा पाजा, पण तो जाण्यापूर्वी त्याच्याच हातून तो बदल त्या कागदावर चढवून घ्या.

ज्याच्यासाठी आपण हा कागद काढतो, तो माणूस बहुधा आपल्या ओळखीचा नसतो. तो अंधारात येतो, घाईत असतो, आणि आपल्या रेघेवर विश्वास ठेवून हात पुढे करतो. ती रेघ खरी असावी.